मोटारीची पाठचिकित्सा

या सदराच्या वाचकांना आठवत असेल की, मागच्या दिवाळी अंकात मी आमच्या घराला रंग दिल्याची हकीकत सांगितली होती आणि यापुढे असल्या कोणत्याही भानगडीत पडणार नाही, अशी जाहीर प्रतिज्ञाही केली होती. प्राध्यापकाची प्रतिज्ञा आणि विद्यार्थ्याची हजेरी या दोन्ही गोष्टी कागदावरच शोभतात. २०२५च्या जून महिन्यात मी जुनी मोटार घ्यायला निघालो.

निमित्त आईचे झाले. आईची थोरली बहीण वाईला असते. मावशीचे वय ऐंशीच्या पुढे, आईचे चौऱ्याहत्तर. दोघी रोज फोनवर बोलतात. पण समोरासमोर भेट होऊन दोन वर्षे झाली होती. एस.टी.च्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना मानवत नाहीत. आमची चौदा वर्षांची छोटी गाडी होती. पण तिच्यात आईची घडीची चाकखुर्ची ठेवली की माणसांना जागा उरत नसे, आणि माणसे बसली की खुर्चीला. "अहो, पुण्याहून वाई म्हणजे काही काशी नव्हे," असे सौ. एकदा म्हणाल्या, तेव्हा आई नुसती हसली. ते हसणे मला दोन दिवस पुरले.

आमच्या चिरंजीवांचा कल अर्थातच त्या उंच, जंगलात शिकारीला निघाल्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांकडे होता. त्यातल्या एकीत आईला बसवून पाहिले. चिरंजीवांनी ढकलले, मी ओढले, आणि अखेर आई म्हणाली, "अरे, मला गाडीत बसायचंय, माळ्यावर नाही." तेव्हा ठरले की, गाडी सेडान हवी. तीच ती, पूर्वी जिला लोक नुसती 'मोटार' म्हणत: पुढे बोनेट, मध्ये माणसे, मागे भलीमोठी डिकी. आईने आधी सीटवर टेकायचे, मग पाय आत घ्यायचे, खुर्ची डिकीत. शिवाय सगळ्या जगाचे लक्ष उंच गाड्यांवर असल्यामुळे जुन्या बाजारात या लांबलचक गाड्या त्या मानाने स्वस्त मिळतात, असे शेजारच्या बँकेतल्या गृहस्थांनी सांगितले. मी फुटपट्टी घेऊन खाली गेलो. अशी गाडी साधारण साडेचार मीटर लांब असते. म्हणजे आईच्या नऊवारीच्या निम्म्याहून थोडी अधिक. आमच्या पार्किंगच्या चौकोनात ती बसत होती. फक्त डिकी उघडताना मागच्या भिंतीची परवानगी घ्यावी लागणार होती.

आता, जुन्या मोटारीची परीक्षा कशी करावी हे मला कुणी शिकवलेले नाही. मी शिकलो ती जुन्या पोथ्यांची परीक्षा. पण विचार केला, की काम तेच आहे. मूळ संहिता एक असते. मग ती या हातातून त्या हातात जाते, कुणी चुकून बदल करतो, कुणी मुद्दाम ओव्या घुसडतो, आणि शेवटची प्रत ज्याच्या हाती असते तो शपथेवर सांगतो की, अक्षरही बदललेले नाही. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आमच्या पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले, ते १९६६ साली तडीस नेले. मला एवढे वर्ष लागणार नव्हते. भविष्यनिर्वाह निधीतून साडेसहा लाख काढायचे होते आणि गणपतीपूर्वी वाईला जायचे होते.

पहिली गाडी एका दलालाकडची. २०१६ची, आणि आकडा फक्त एकतीस हजार किलोमीटर. "डॉक्टरांची गाडी, सर. घर ते दवाखाना," असे तो म्हणाला. जुन्या बाजारातल्या साऱ्याच गाड्या डॉक्टरांच्या कशा असतात आणि डॉक्टरांची घरे दवाखान्याला इतकी लागून कशी असतात, हे कोडे मला सुटलेले नाही. आमचे मिस्त्री बरोबर होते. हे गृहस्थ बोलतात कमी. त्यांनी आधी बोनेटवर तळहात ठेवला, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मला खुणावले. बोनेट गरम होते. गाडी आम्ही येण्यापूर्वी चालू करून ठेवली होती. गार इंजिन पहिल्या सेल्फला कसे उठते, उठताना काय खडखडते, धूर कोणत्या रंगाचा निघतो, हे सारे सकाळच्या पहिल्या सुरुवातीलाच कळते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. आणि गाडी तापल्यावरही गोडूस वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर रेडिएटरचे पाणी जिथे जाऊ नये तिथे जाते आहे. गाडी आधीच तापवून ठेवणे म्हणजे प्रश्नपत्रिका फोडण्यासारखेच.

मग मिस्त्रींनी मला ब्रेकचे पेडल दाखवले. त्याचे रबर मधोमध झिजून गुळगुळीत झाले होते. स्टिअरिंगही देवळाच्या उंबऱ्यासारखे चकाकत होते. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. इथे होते २३२१, म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. "एकतीस हजारात टायरचा एक जोड संपून दुसराही झिजला?" मिस्त्रींनी विचारले. दलाल म्हणाला, "डॉक्टरसाहेब फार काळजी घ्यायचे." पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. आकडा हा लिपिकाराच्या हातचा असतो, झीज मात्र मूळ संहितेची असते, एवढे मी वहीत टिपून घेतले.

दुसऱ्या गाडीच्या वेळी मी स्वतःचे शस्त्र नेले. ठोकलेला पत्रा लांबी भरून, वर रंग मारून सारखा करतात. त्या जागी लोहचुंबक चिकटत नाही, असे मी ऐकले होते. घरात लोहचुंबक एकच, फ्रिजवरचा, पंढरपूरहून आणलेला विठोबा. तो खिशात घालून गेलो. पुढच्या बंपरवर ठेवला, विठोबा खाली पडला. मी विजयी मुद्रेने मालकाकडे वळून म्हणालो, "गाडी पुढून ठोकलेली आहे." मालक शांतपणे म्हणाले, "सर, बंपर प्लॅस्टिकचा असतो." मिस्त्रींनी दुसरीकडे तोंड फिरवले. मात्र पांडुरंगाने लाज राखली. चारही दारांवर तो समचरण उभा राहिला, पण डाव्या मागच्या मडगार्डावर काही केल्या उभा राहीना. तिथला रंगही उन्हात बघितला तर किंचित निराळा, आणि दार व मडगार्ड यांच्यामधली फट वर बोटभर, खाली नखभर. शुद्ध प्रक्षिप्त भाग! मिस्त्री म्हणाले, मडगार्ड ठोकलेले चालते, शहरात कुणाचे ठोकलेले नसते? चासीला, खांबांना धक्का लागलेला नाही ना, एवढे पाहायचे. तो नव्हता. पण त्या गाडीच्या नोंदणीपत्रावर अजून बँकेचा बोजा होता. कर्ज फेडून तीन वर्षे झाली, असे मालक म्हणत. पण बँकेचे ना-हरकत पत्र आणि तो पस्तीस नंबरचा फॉर्म आर.टी.ओ.त देऊन बोजा उतरवल्याशिवाय गाडी आपल्या नावावर होत नाही. ते पत्र सापडत नव्हते. आम्ही नमस्कार करून निघालो.

तिसरी गाडी माझ्या विद्यार्थ्याची.

हा मुलगा सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होता. शेवटच्या बाकावर बसून सर्वात चांगली उत्तरे लिहिणारा. आता एका कंपनीत नोकरी करतो. मी गाडी शोधतो आहे हे त्याला कुठून तरी कळले आणि त्याचा फोन आला, "सर, माझीच गाडी बघा ना. बहिणीच्या शिक्षणासाठी विकायचीय. तुमच्याकडे गेली तर घरात राहिल्यासारखीच." मला गहिवरून आले. गहिवर आलेल्या माणसाने पाठचिकित्सा करू नये, हे मला तेव्हा सुचले नाही. "ओळखीतली गाडी आहे, तुम्हाला कशाला तसदी," असे मिस्त्रींना सांगून मी एकटाच पाहून आलो.

गाडी सुरेख होती. २०१९ची, पुण्यातच नोंदलेली. विठोबा साऱ्या अंगावर उभा राहिला. टायरचे आकडे, पेडलची झीज, किलोमीटर, सारे एकमेकांशी जुळत होते. सकाळी गार इंजिन पहिल्या सेल्फला उठले. स्टिअरिंग सोडले तर गाडी सरळ धावे, ब्रेक दाबला तर कोणत्याही बाजूला ओढत नसे. कागदही पाहिले. २०२४च्या जुलैपर्यंत सर्व्हिसिंगच्या नोंदी अगदी वेळच्या वेळी होत्या, पुढे चार महिने काहीच नव्हते. विमाही मध्ये खंडित झालेला. नोव्हेंबरात गाडी आधीच्या मालकाकडून एका दलालामार्फत याच्याकडे आलेली. किंमत सव्वासहा लाख. हे सारे मी डोळ्यांनी पाहिले, पण वाचले नाही. पोथीतली मधली चार पाने गळालेली असताना तिच्यावर प्रबंध लिहायला बसणाऱ्या विद्यार्थ्याला मी काय काय बोललो असतो!

रविवारी तो गाडी घेऊन आमच्या घरी आला. ऑगस्टअखेरचा पाऊस लागला होता. आईला मागच्या सीटवर बसवले. ती टेकली, पाय आत घेतले, अगदी मनासारखे झाले. पाऊस म्हणून काचा बंद होत्या. मी पुढून मागे वळून विचारले, "कशी काय वाटते?"

आईने एकदा श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग म्हणाली, "अरे, हिच्यात पूर येऊन गेलाय."

मी म्हणालो, "आई, तो अत्तराच्या डबीचा वास आहे."

"अत्तराच्या खालचा म्हणते मी."

आईचे माहेर नारायण पेठेतले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासलाही गेले आणि मुठेचे पाणी पेठांमध्ये शिरले, तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्या पुराच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकल्या होत्या. पाणी ओसरल्यावर घराघरांत जो गाळ बसला होता, त्याचा वास भिंती दोनदा सारवल्या तरी पुढचे दोन पावसाळे परत येत असे, हे ती नेहमी सांगे. आम्ही ते अलंकारिक समजत होतो.

मी विद्यार्थ्याकडे पाहिले. तो समोरच्या काचेकडे पाहत होता.

मिस्त्रींना फोन केला. त्यांनी कुणाला काही विचारले नाही. मागच्या सीटचा पट्टा धरून अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढला. माणसे बसताना पट्टा हातभर ओढतात, पुरता कधीच नाही; म्हणून धुणाऱ्याचेही तिकडे लक्ष जात नाही. आतल्या टोकाकडे तपकिरी रंगाची एक आडवी रेघ होती, नदीकाठच्या भिंतीवर असते तशी. मग डिकीतली स्टेपनी उचलली. तिच्या खालच्या खळग्याच्या कडेला वाळलेला, बोटाने चुरडला तर पीठ होणारा गाळ. पुढच्या सीटखालचे नटबोल्ट गंजलेले. डॅशबोर्डच्या खाली बॅटरी लावून पाहिले तर तारांच्या जोडांवर हिरवट थर. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत ते शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या त्यात बुडाल्या होत्या. विमा कंपनी अशी गाडी पुरती निकामी ठरवून पैसे देते, गाडी भंगाराच्या भावाने लिलावात जाते, आणि त्यातल्या काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात उभ्या राहतात. म्हणजे नदी तीच होती, मुठाच. आईने जुनी ओळख बरोबर सांगितली होती.

"इंजिन चालेल," मिस्त्री म्हणाले. "पण वायरिंग कधी दगा देईल, एअरबॅग वेळेवर उघडेल की नाही, हे मी काय, देवही सांगणार नाही. आजींना हिच्यात बसवून घाटातून नेऊ नका, सर."

वाईचा रस्ता खंबाटकी घाटातून जातो. मी गप्प राहिलो. जे विचारायचे होते ते विचारण्याचा मला धीर होईना. पोथीतली चूक लिपिकाराच्या अज्ञानाने झाली की हेतूने, हे ठरवता येत नसेल तर संपादकाने तळटीप देऊन पुढे जावे, असा आमच्या शास्त्रात संकेत आहे. आमच्या सौ.ना हे शास्त्र मान्य नाही. त्यांनी सरळ विचारले, "तुला ठाऊक होतं का रे?"

मुलगा म्हणाला, "घेतली तेव्हा नव्हतं, मॅडम." मग बराच वेळ थांबून, "जूनमध्ये पहिल्या पावसात वास आला, तेव्हा कळलं." आणि मग अगदी हळू, "सरांना सांगणार होतो. मग म्हटलं, सर काही विचारतच नाहीत."

हे वाक्य मला लागले. त्याने मला फसवायला घेतले होते, हे खरेच. पण परीक्षकाने पेपर न वाचताच गुण दिले होते, हेही खरे. मला राग आला होता आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हते.

आई मात्र म्हणाली, "पावसात उभा राहू नकोस. वर ये, चहा घे." वर आल्यावर तिने जे सांगितले ते मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. तिच्या वडिलांचे कापडाचे छोटे दुकान होते. पुरानंतर त्यांनी भिजलेले तागे धुऊन गच्चीत वाळवले आणि 'पुरातला माल' अशी पाटी लावून निम्म्या किमतीला विकले. घर त्यावर सावरले. एवढे आम्हाला माहीत होते. घराण्याचा अभिमानाचा भाग होता तो. "पण खणांचे दोन तागे बरे दिसत होते," आई म्हणाली. "ते पुऱ्या किमतीला दिले. शेजारच्याच आळीतल्या बाईंना, मुलीच्या लग्नासाठी. एकाला वर्षाच्या आत कसर लागली, दुसरा विरला. त्या बाई कधी एक शब्द बोलल्या नाहीत. तात्या मात्र पुढे जन्मभर त्या आळीतून गेले नाहीत. मंडईला जायचं तरी लांबून. मी आणि माई विचारायचो, एवढा वळसा का? तेव्हा म्हणायचे, पाय मोकळे होतात."

मुलाने चहा संपवला, आईला वाकून नमस्कार केला आणि गाडी घेऊन गेला. मला त्याच्याशी नीट बोलता आले नाही.

आमची गाडी पुढे पंधरा दिवसांनी मिळाली. गणपती तोवर येऊन गेले होते. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची, २०१८ची, रंगाने अगदी मातकट. त्यांनी पेट्रोलच्या पहिल्या पावतीपासून सारे कागद फाईलला लावून, वर अनुक्रमणिका जोडली होती. मिस्त्रींनी तीन तास तपासली. क्लचप्लेट संपत आली होती, उजव्या चाकाचे बुश गेले होते, मागचे दार एकदा ठोकलेले होते. त्या तिन्ही गोष्टी अनुक्रमणिकेत तारखेसह होत्या. त्यांचे पस्तीस हजार कमी करून सहा लाखांच्या आत सौदा झाला. एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म भरले, आणि विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो तोही केला. त्यांचा नो-क्लेम बोनस मात्र त्यांच्याबरोबर गेला. तो गाडीचा नसून माणसाचा असतो, हे मला प्रथमच कळले. आईने काचा बंद करून श्वास घेतला आणि म्हणाली, "कापूर आणि म्हातारा माणूस. चालेल." दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही वाईला गेलो. दोघी बहिणींनी आम्हाला तासभर कुणी विचारले नाही.

त्याच आठवड्यात तो विद्यार्थी एका संध्याकाळी दारात उभा. हातात मिस्त्रींनी लिहून दिलेली दुरुस्तीची यादी होती. तो आपण होऊन त्यांच्याकडे गेला होता. मला म्हणाला, "सर, जाहिरात लिहायचीय. सगळं खरं लिहायचं, पण गाडी विकली गेली पाहिजे. मला जमत नाही."

मला वीस वर्षे शिकवूनही असला प्रश्न कुणी विचारला नव्हता. आम्ही दोघे दोन तास बसलो. 'पाण्याचा अनुभव असलेली' हे त्याने सुचवले, मी खोडले. 'ऐतिहासिक' हे मी सुचवले, सौ.नी खोडले. शेवटी ठरली ती अशी: "२०१९ची सेडान. जुलै २०२४ च्या पुरात सीटपर्यंत बुडालेली. इंजिन चालते, वायरिंगची खात्री नाही. लांबच्या प्रवासाला घेऊ नये. सुट्या भागांसाठी किंवा पुरती दुरुस्त करू शकणाऱ्यांसाठी योग्य. मिस्त्रीची यादी दाखवू. किंमत पावणेचार लाख." त्याने स्वतः पाच लाख चाळीस हजारांना घेतली होती. पावणेचार लिहिताना त्याचा हात जरा थांबला, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिले.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, पाच फोन आले. तिघांनी विचारलं, एवढं सांगताय म्हणजे अजून काय लपवलंय? चौथा गॅरेजवाला आहे, उद्या बघायला येतोय."

"आणि पाचवा?"

"त्यांना गाडी नकोय, सर. ते विचारत होते, जाहिरात कुणी लिहून दिली. नदीकाठी त्यांचा तळमजल्याचा फ्लॅट विकायचाय."